बाकी सगळं बरोबर हाय

"बाकी सगळं बरोबर हाय," असं बाई म्हणाल्या की मी ती पत्रिका बाजूला ठेवायचो. लग्नपत्रिकेचं प्रूफ त्या शेवटून वाचायच्या. आधी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, मग मामा-चुलते, मग मुहूर्त, आणि सगळ्यात शेवटी नवरीचं नाव. लाल पेन तिथं थांबायचं. सगळं ठीक असेल तर नुसतं "छापा" म्हणायच्या. 'बाकी सगळं बरोबर' म्हणजे नवरीचं वय भरत नाही.

तेरला एस.टी. स्टँडसमोर माझं पत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान. बाई मागच्या गल्लीत अंगणवाडी चालवायच्या. त्या माझ्याकडं आल्या त्या माझ्या मूर्खपणामुळं. एका पत्रिकेत मी नवरदेवाच्या धडधाकट आजोबांच्या नावाआधी 'कै.' लावलं होतं. म्हातारा काठी घेऊन स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, "म्या कवा मेलो, तेबी छाप की." बाई रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांनी म्हाताऱ्याला पाणी दिलं, मला पोटभर शिव्या खाऊ दिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी सुटली की माझ्या स्टुलावर येऊन बसू लागल्या. गावाला वाटलं, बाई फुकटात चुका काढतात. चुका तर काढायच्याच.

मुलींची वयं त्यांना पाठ नव्हती, वजनं पाठ होती. गावातलं प्रत्येक पोर त्यांनी झोळीत घालून काट्याला टांगलेलं. पत्रिकेवरचं नाव वाचून त्या डोळे मिटायच्या. "अडीच किलोची. त्या साली तेरणेला पाणी आलतं. म्हंजे सोळा." मग चप्पल पायात घालून थेट मुलीच्या घरी. ग्रामसेवक, पोलीस हे नंतरचं. आधी मुलीच्या आईजवळ बसून शेंगा फोडू लागायच्या आणि तिला तिच्याच पहिल्या बाळंतपणाचं विचारायच्या. तोवर पत्रिका अडकवून ठेवणं हे माझं काम. मशीन बिघडलंय, कागद आला नाही, काहीही सांगायचं. माझ्या दुकानाची ख्यातीच अशी की कुणाला शंका आली नाही.

तुम्ही म्हणाल, बरा माणूस दिसतोय. थांबा. 'वयाचा दाखला दाखवल्याशिवाय पत्रिका छापली जाणार नाही' अशी पाटी मी केली होती. सोनेरी किनार काढून. आणि ती कॅलेंडरमागं लावली होती, गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. बाईंनी एकदा कॅलेंडर उचलून पाहिलं. "किनार चांगली झालीय," एवढंच म्हणाल्या.

मग एक पत्रिका आली. बाईंनी नाव वाचलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "दोन किलो दोनशे. चौदा. नववीत हाय." त्या पोरीला मीही ओळखत होतो. शाळेतून येताना ती दुकानात डोकवायची, बाईंचा चष्मा नाकावर घालून प्रूफ वाचायची आणि माझ्या चुका मोजायची.

बाई चार दिवस तिच्या घरी जात राहिल्या. पाचव्या दिवशी आई नरमली. मालकाशी बोलते, म्हणाली.

त्याच दुपारी पोरीचा चुलता दुकानात आला, पत्रिकेला एवढा वेळ का म्हणून. माणूस गप्पिष्ट, मी त्याच्याहून. चहा मागवला. तो म्हणाला, तुझ्या कामात चुका लई असतात म्हणं. मला झोंबलं. मी म्हणालो, "आता न्हाय होत. आमच्या बाई नजरंच्या लई पक्क्या. पत्रिकंतली चूकबी धरतात अन् नवरीचं वयबी."

तो मोठ्यानं हसला. मीही हसलो. माझ्या विनोदाला कुणी हसलं की मला दुसरं काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, लग्न लांबलंय, पत्रिका राहू द्या. मी पळत जाऊन बाईंना सांगितलं, जणू मीच थांबवलं. चार दिवसांनी कळलं की निरोप आला त्याच सकाळी पोरीला जीपमध्ये बसवून बार्शीकडं कुणाच्या तरी मळ्यात नेलं होतं. बिनपत्रिकेचं लग्न लागलं.

बाईंनी विचारलं, "भाऊ, कुणाजवळ काय बोललात का?"

"न्हाय बा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पायापासून वर, प्रूफ वाचावं तसं.

त्यांनी तालुक्याला तक्रार दिली. घरच्यांनी नवं आधार कार्ड पुढं केलं, त्यात पोर अठराची होती. बाईंच्या वजनाच्या वह्या कुणी उघडल्याच नाहीत. गावानं मात्र अंगणवाडीत लेकरं पाठवणं थांबवलं. गिऱ्हाईक ऑर्डर देतानाच बजावू लागलं, त्या बाईला दाखवू नका. मी दाखवलं नाही. तरी त्या रोज येऊन स्टुलावर बसायच्या, रिकाम्या हातानं.

वर्षभरानं पोर बाळंतपणाला माहेरी आली. बाई भेटायला गेल्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. कळा सुरू झाल्यावर धाराशिवला नेताना ती वाटेतच गेली. पोटातलंही गेलं.

चुलता पुन्हा दुकानात आला, श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगायला. फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा. कपडे बदल, म्हणाला. मी कॉम्प्युटरवर तिला साडी नेसवली. कुंकू लावलं.

"वय?"

"एकोणीस टाक," म्हणाला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

प्रूफ मी बाईंना दिलं नव्हतं, त्यांनीच उचललं. शेवटून वाचलं. शोकाकुल परिवार, दहाव्याची वेळ, मग नाव, मग वय. लाल पेनानं एकोणीस खोडून वर पंधरा लिहिलं. साडीतल्या फोटोवरून एकदा अंगठा फिरवला.

"बाकी सगळं बरोबर हाय," म्हणाल्या. पेन टेबलावर ठेवून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

फ्लेक्स मी एकोणीसचाच छापला. स्टँडसमोर महिनाभर होता. त्यात चूक आहे, असं गावात एकही माणूस म्हणाला नाही. माझ्या हातून इतकं बिनचूक काम पहिल्यांदाच झालं होतं.