वत्सलाबाईंची ज्वारीची खोली

माळशिरसहून बदली होऊन मी सोलापूरच्या विणकर वस्तीतल्या मुलींच्या शाळेत रुजू झाले. मधल्या सुट्टीत तिथल्या ज्येष्ठ शिक्षिका वत्सलाबाई शिक्षकांच्या खोलीत कधी दिसत नसत. एकदा शोधत गेले, तर चौथीच्या मुलींच्या घोळक्यात बसून त्या जेवत होत्या. "काहीजणी नळावर पाणी पिऊन परत येतात. डबा नसतो त्यांच्याकडे," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून मी चार भाकरी जास्त आणते." आमची ओळख झाली ती अशी.

दुष्काळाच्या वर्षी माग बंद पडले आणि अर्ध्या वर्गाचे डबे बंद झाले. बाईंनी शाळेतली अडगळीची खोली रिकामी करून घेतली. आम्ही शिक्षिकांनी घरून ज्वारी आणून तिथली पोती भरली. ज्या घरी चूल पेटली नसेल, तिथल्या बाईने यावे आणि मापट्याने स्वतःच मोजून न्यावे. कुणाला काही विचारायचे नाही, असा बाईंचा नियम होता.

महिन्याभरात पोती तळाला गेली. तेवढ्यात सात रस्ता चौकाजवळच्या बंगल्यातले एक धान्याचे व्यापारी शाळेत आले. वीस पोती देतो म्हणाले. मात्र मैदानात मांडव घालून, बायकांना रांगेत उभे करून शेठजींच्या हस्ते वाटप व्हावे, फोटोग्राफर बोलवावा, ही त्यांची अट.

"शेठजी, घरी सुनेला जेवायला वाढताना फोटो काढता का?" बाईंनी विचारले.

"तिचं वेगळं. ती घरची आहे."

"या माझ्या मुलींच्या आया आहेत. मी त्यांना मांडवात उभं करणार नाही."

शेठजी उठून गेले. मी चिडून म्हटले, "बाई, परवा खोली रिकामी होईल. मुलींना काय सांगायचं?"

"तुमचं काही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "भीती मलाही वाटते."

माझे बोलणे त्यांनी मनात ठेवले नाही; दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली माझ्याच हाती दिली. शाळा सुटल्यावर त्या स्वतः बंगल्यांच्या पायऱ्या चढू लागल्या. तिथल्या बायकांना त्या एवढेच म्हणत, "एकदा आमच्या खोलीत येऊन बसा."

एके दुपारी त्याच शेठजींच्या आई टांग्यातून आल्या. यल्लम्मा नावाची विणकरीण ज्वारी मोजत होती. तिने मापटे भरले आणि अर्धे परत पोत्यात ओतले.

"का गं, घरात खाणारी किती?" आजींनी विचारले.

"पाच हायत की. पण माझ्या मागनं अजून बाया येतेत. त्यास्नी नको व्हय?"

घरी गेल्यावर आजींनी हे शेठजींना सांगितले. दुसऱ्या सकाळी शाळेच्या दारात वीस पोती आली. मांडव नव्हता, फोटोग्राफर नव्हता. पहिले पोते शेठजींनी स्वतःच्या पाठीवरून आत आणले आणि बाईंना नमस्कार करून ते निघून गेले. मग बंगल्याबंगल्यातून धान्य येऊ लागले. माग पुन्हा सुरू होईपर्यंत खोली एक दिवसही बंद राहिली नाही. आमच्या एकाही मुलीने उपासमारीपायी शाळा सोडली नाही. पहिला पगार हाती आला, तेव्हा यल्लम्मा पदरात ज्वारी बांधून आली, ती पोत्यात घालायला.

शहरातल्या आणखी तीन शाळांनी बाईंकडून हे शिकून अशाच खोल्या उघडल्या. आमच्या खोलीची गरज आता उरलेली नाही; तिथे पहिलीचा वर्ग भरतो. उरलेल्या तीन खोल्यांचीही गरज संपावी आणि तिथे पाटी घेऊन बसलेल्या मुली बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, इतके दीर्घ आणि निरोगी आयुष्य त्यांना लाभो.