सासऱ्यांचा चांदीचा डाख

माझ्या सासऱ्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: कथलाने जोडणारी आणि चांदीने जोडणारी. मुलगी बघायला मी परळला त्यांच्या चाळीत गेलो, तेव्हा पगार, पत्रिका काही न विचारता त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि विचारलं, "तांब्याला तांबं जोडायचं तर काय वापराल?" मी घाबरून "डिंक" म्हणालो. "पोरगो खोटा बोलणा नाय," असं आत जाऊन सांगत त्यांनी लग्न ठरवून टाकलं.

तरुणपणी ते गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद पडल्यावर शाळेची प्रयोगशाळा सांभाळली, पण जीव वाफेतच अडकलेला. निवृत्त झाल्यावर ते स्वयंपाकघरात लोट्याएवढे, खरोखर वाफ धरणारे बॉयलर बनवू लागले. सांधा जोडायला जो धातू वितळवतात तो डाख, आणि जिथे जातील तिथे त्यांची नजर डाखावर. ठाकूरद्वारच्या एका देवळात समईचा सांधा बघायला ते इतके खाली वाकले, की मागच्या चार बायकांनी समईलाच नमस्कार केला. "कथील म्हणजे मे महिन्यातला पाहुणा," ते म्हणायचे. "गरम व्हायला लागलं की पळाला!" बॉयलरमधलं पाणी आटलं तर कथलाचा सांधा वितळून सुटतो. चांदीचा सुटत नाही, पण त्यासाठी तांबं लालबुंद करावं लागतं.

दोन वर्षं खपून केलेला एक बॉयलर शेवटी एका टाचणीएवढ्या भोकातून गळू लागला. सासरे चांदीची तार आणायला लालबागला गेले. मी मदत म्हणून त्यांचाच गॅसचा झोत पेटवला आणि शेजाऱ्याकडचं कथील लावून भोक बुजवलं. ते परतले, त्यांनी सांध्यावर नख फिरवलं आणि आणलेली तार खिशात घातली. "कथील लागला. आता हय चांदी धरूची नाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बॉयलर करवतीने कापला. पुढे तीन महिने, मी समोर बसलेला असताना, ते सासूबाईंना सांगत, "त्यांका विचार, आमटी होई काय?" शेवटी सासूबाईच कडाडल्या, "बॉयलर मोडलो, लग्न नाय मोडला! बोला त्यांच्याशी!"

मग एका रविवारी त्यांनी स्वतःच मला बोलावलं. नवा बॉयलर तयार होता, फक्त शेवटचा सांधा बाकी. खिडकी लावून घेत ते हळूच म्हणाले, "जावयबापू, माका लाल दिसणा नाय हल्ली. घरात कोणाक सांगू नका. लाल झाला की बोला."

त्यांनी झोत पेटवून तांब्यावर धरला. मी कधी कशाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. "झालं!" म्हणालो. त्यांनी तार टेकवली आणि चांदी सांध्याभोवती सरसर धावली.

तांबं निवल्यावर ते बराच वेळ सांध्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "कसो होतो रंग?" मला जमेल तसा मी सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

"परत सांगा," म्हणाले.