खळ्याखालची लोखंडाची खाण

नगरहून पाथर्डीकडे निघालेली आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मागच्या बाजूला एक भट्टी बसवलेली. क्लीनर मधूनमधून उतरून तिच्यात कोळसा कोंबायचा आणि तोवर उतारूंनी खाली उतरून एखादं झाड गाठायचं. करंजी घाटात तर आम्ही सगळ्यांनी मिळून मोटार ढकलली. तिकीट काढून मोटार ढकलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझ्या काखेत एक लाकडी पेटी होती आणि ढकलतानाही मी ती सोडली नाही. त्यामुळे माझा काडीचाही उपयोग होत नव्हता, असं शेजारच्या उतारूनं मला तोंडावर सांगितलं.

पेटीत चुंबकमापक होतं. पूर्वी खनिज शोधायचं म्हणजे हातोडा घेऊन डोंगर तुडवायचे. हे नवं यंत्र तिवईवर ठेवून आत डोळा लावला, की जमिनीच्या पोटात लोखंड असल्यास आतला चुंबक झुकतो आणि पट्टीवरचा आकडा सरकतो. आमच्या पुण्याच्या खनिजशोध कचेरीत ते चालवता येणारा मी एकटाच, आणि याचा मला भलताच ताठा होता. नोकरी मात्र तात्पुरती. साहेबांनी बजावलं होतं, या दौऱ्यात काही सापडलं तर कायम करू, नाही तर नारळ. आणि शनिवार पेठेतल्या अण्णांनी सांगितलं होतं, कायम झालात तर आमच्या मालतीचा हात तुमच्या हाती देऊ. मालतीला मी दोनदा पाहिलं होतं आणि तिसऱ्यांदा पाहायची मला फार घाई होती. थोडक्यात, माझं लग्न पाथर्डी तालुक्याच्या भुईत कुठं तरी गाडलेलं होतं आणि मी ते उकरायला निघालो होतो.

गावाचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच.

वेशीवर गावचे पाटील आणि मिशनच्या शाळेतले योहान मास्तर घ्यायला आले होते. माझी सोय शाळेच्या खोलीत केली होती. पाटलांनी हात जोडून विचारलं, "सायेब, किती दिस मुक्काम?"

"दोन दिवस," मी म्हणालो.

पाटलांचा चेहरा खुलला. माझ्या आगमनाचा एवढा आनंद आजवर कोणाला झालेला नव्हता, म्हणून मीही खुललो.

गाव मोठं विलक्षण होतं. दारांना कड्या नव्हत्या, सुंभानं बांधलेली. न्हावी होता, पण त्याच्याकडे वस्तरा नव्हता; दाढीचं विचारलं तर म्हणाला, दाढी शोभतीय तुमाला. शाळा भरायची ती मास्तरांनी पितळी परात बडवली की. जेवण रखमामावशी आणून द्यायची. पाटलांची ती मावशी, साठीची, सडपातळ आणि सदा कपाळाला आठी. तिचं कालवण (पातळ रस्सा) जिभेला चटका देणारं, पण भाकरी एका बाजूला करपलेली आणि दुसऱ्या बाजूला कच्ची. "खापरावर (मातीच्या तव्यावर) भाजली की अशीच व्हती," एवढं बोलून ती पाटलांकडे रागानं बघायची.

मी मास्तरांना म्हणालो, "इथल्या लोकांना लोखंडाचं वावडं आहे का हो?"

योहान मास्तर धार्मिक माणूस, खोटं बोलत नसत. त्यामुळे ते म्हणाले, "मुलांची परीक्षा घ्यायची राहिलीय," आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या मुलांची परीक्षा सात वेळा घेतली.

आता यंत्राविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते चालवणाऱ्याच्या अंगावर लोखंड असलं तर आकडे बिघडतात. म्हणून मी पहिल्या दिवशी सकाळी किल्ल्या, चाकू, खिळ्यांचे बूट आणि बकलाचा पट्टा असं सगळं पन्नास पावलांवर ठेवून आलो. पट्ट्याशिवाय विजार थांबेना. शेवटी पाटलांचं धोतर नेसून, अनवाणी, मी काट्यांतून हिंडलो. बांधावर बसून सगळं गाव हा सोहळा पाहत होतं. मी किल्ल्या लांब ठेवल्या तेव्हा पाटील आणि दोघे-तिघे एकमेकांच्या कानाला लागले. विद्येचा दरारा असा असतो, असं मला वाटलं.

ओढ्याकाठी काही नाही. गायरानात काही नाही. काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकी असतो, तेवढे आकडे इकडंतिकडं होत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गावामागच्या मोठ्या खळ्यात तिवई मांडली, आणि आकडा पट्टीच्या बाहेर गेला. मी डोळे चोळले. पुन्हा मांडली. पुन्हा बाहेर.

"सायेब, तितं काय न्हाई," पाटील घाईघाईनं म्हणाले. "नुस्तं खळं हाय."

"पाटील, तुमच्या खळ्याखाली खाण आहे," मी म्हणालो. पाटील मटकन खाली बसले. त्यांना आनंद सहन झाला नाही, अशी मी समजूत करून घेतली.

मी मुक्काम वाढवला. खळ्याचा कण न् कण मोजला. पाटील रोज सकाळी यायचे आणि विचारायचे, "कवा निघनार सायेब?" मालतीची हकिकत मी त्यांना सांगून बसलो होतो, तेव्हापासून तर ते फारच आग्रही झाले. "लगीन असं लांबणीवर टाकू नये. आजची मोटार धरा." त्यांच्या जिव्हाळ्यानं मला भरून यायचं. मी आल्याच दिवशी शिवारात चांगला पाऊस होऊन गेला होता. आता वाफसा (पेरणीजोगी ओल) आला होता. तरी पेरणीची एकही पाभर शेतात दिसत नव्हती. लोक बांधावर बसून एकदा जमिनीकडे बघत आणि एकदा माझ्याकडे. आळशी लोक, असं मी वहीत लिहिलं. आता तेवढं पान मी फाडलं आहे.

आठव्या दिवशी मी साहेबांना पत्र लिहिलं: खळ्याखाली समृद्ध साठा, भोकं पाडणारं यंत्र ताबडतोब पाठवावं. ते खिशात ठेवलं आणि नमुन्यासाठी खड्डा घ्यायचं ठरवून चार गडी मागवले. चौघेही रिकाम्या हातांनी आले.

"कुदळी कुठं आहेत?"

मास्तर परीक्षेला गेले. शेवटी चौघांनी बाभळीच्या मेखा आणल्या आणि मी दाखवलेली जागा सोडून वीस पावलांवर भुई खरवडायला लागले. मी ओरडतो आहे, ते मान डोलावून तिथंच खरवडताहेत, एवढ्यात रखमामावशी माझी भाकरी घेऊन आली. तिनं तो प्रकार क्षणभर पाहिला आणि टोपली खाली ठेवली.

"आरं, सायेब दावतोय तितं खंदा की," ती म्हणाली. "माजा तवा हाय त्यात."

"मावशे, गप," पाटील म्हणाले.

"कशापायी गप? आट दिस खापरावर हात भाजून घेतेय मी. ह्या लेकराचं बी पोट बिगडलंय त्या भाकरीनं."

ते खरं होतं. मी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"कागुद आल्ता सायेब. लोखंड शोधाया सायेब येतोय, गावानं मदत करावी. लढाईला लोखंड लागतंय हे आमी ऐकून हुतो. म्हनलं, घरात ठिवलं तर दिसंल. फाळ, कुदळी, पहारी, तवे, शाळंची घंटा, समदं हितं पुरलं."

"अहो, पण जमिनीत?"

"जमिनीत कोन बघतंय?" पाटील म्हणाले. "आन तुमी बी पयल्याच दिशी किल्ल्या लांब ठिवल्या. म्हनलं, सायेब सोताचं लोखंड यंत्रापासनं लपवतोय, तितं आपली काय कथा."

मला आधी रडू आलं, मग हसू. यंत्रानं एकही चूक केली नव्हती. लोखंड होतं, भरपूर होतं आणि मी सांगितलं तिथंच होतं. खिशातलं पत्रही तयार होतं. कबूल करतो, ते टपालात टाकायचा मोह मला झाला. मोठं यंत्र येईपर्यंत महिना-दोन महिने जाणार, तोवर मी कायम, मालती घरात. फक्त लोखंड तोवर खाली राहायला हवं होतं. मी बांधावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. वाफसा दोन दिवसांत उडून जाणार होता, मग पेरणी कसली? मला स्वतःची लाज वाटली. मी पत्राचे तुकडे केले आणि म्हणालो, "काढा सगळं."

"कशानं?" पाटलांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. कुदळ काढायची तर खणावं लागणार आणि खणायचं तर कुदळ हवी. साऱ्या गावानं मेखांनी, नारळाच्या करवंट्यांनी आणि मी एका फळकुटानं भुई उकरली. दुपारी पहिली कुदळ हाती आली तेव्हा कुठं काम सरकलं. रखमामावशी आपला तवा ओळखून, पदरानं पुसून, कोणाशी न बोलता घरी गेली. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी सारखी भाजलेली भाकरी खाल्ली. पाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी खळ्यात पुन्हा एकदा तिवई मांडली. आकडा जागचा हलला नाही. मी अहवालात लिहिलं, काळा पाषाण, लोखंड नाही. तोवर ते खरंही झालं होतं. मोटारीतून मागं पाहिलं तर अख्ख्या शिवारात पाभरी चालल्या होत्या आणि माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

पुण्यात साहेबांनी अहवाल वाचला आणि शब्द पाळला. नोकरी गेली. त्याच दिवशी मी शनिवार पेठेत गेलो, म्हटलं दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. अण्णांसमोर उभं राहून सगळं सांगितलं, धोतरापासून तव्यापर्यंत.

"म्हणजे तुम्हांला नोकरी नाही," अण्णा म्हणाले.

"नाही."

"आणि ती तुम्ही आपल्या हातानं घालवलीत."

"हो."

मी टोपी उचलली. एवढ्यात आतल्या दारात मालती येऊन उभी राहिली. माझ्यासमोर ती आजवर एक शब्दही बोलली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "नोकरी यांना दुसरी मिळेल. आधी यांना बसायला तरी सांगा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग मला खुर्ची दाखवली. मी बसलो.