डावीकडचे काळे डाग

कराडच्या बाजारात तसबिरींना फ्रेम करून देणारे हे गृहस्थ काचेवर हलकेच फुंकर घालतात आणि बोलणे अर्ध्यावर सोडून फोनकडे पाहतात. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. आठवडा झाला, त्याचा आवाज आलेला नाही.

मी जुन्या फ्रेंच समुद्रचित्राची छापील प्रत नेली होती. थरथरता निळा उजेड, वाळूवर छत्र्या धरलेल्या हौशी स्त्रिया. डावीकडचे काळे डाग कापून टाका, असे मी सांगितले.

"आवं ताई, डाग न्हाईत ते. होडीतली माणसं हाईत, जाळं वढत्यात. ह्या बाया हवा खायला आल्यात, ती पोटापायी."

मी पुन्हा पाहिले. डागांना वाकलेल्या पाठी फुटल्या.

"मग राहू द्या," मी म्हणाले.

त्यांनी कटर केव्हाच फळीवर ठेवला होता, माझा हात पोहोचणार नाही इतका उंच.