लावा कुलूप, मामा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींची मी आजवर टिंगलच केली आहे. आमचं घर तेरखेड्याचं, फटाके बनवणाऱ्यांचं. दचकायची सवयच नाही आम्हाला.

धाराशिवबाहेर एका बिअरच्या गोदामात मी तपासणीचं काम करतो. साठवलेली बिअर हळूहळू बिघडते, आणि ते जिभेच्या आधी उजेडाला कळतं. नमुना काचेच्या नळीत घालायचा, यंत्रात ठेवून त्यातून प्रकाश सोडायचा, की स्क्रीनवर रेघ उमटते. बाहेरचा जरासा उजेड शिरला तरी ती रेघ उसळते. म्हणून गोदामाच्या आत जाड भिंतींची एक अंधारी खोली आहे. मोबाईलसुद्धा बाहेर गाडीच्या डिकीत ठेवायचा.

मतदानामुळं दोन दिवस ड्राय डे होता. दुपारी एक्साईजचे साहेब गोदामाला सील लावायला येणार होते. आमचे स्टोअरकीपर बसवण्णामामा लोहाऱ्याकडचे. त्यांची शिस्त अशी की हाकेला ओ आल्याशिवाय शटर ओढायचं नाही. त्यामुळं मी निर्धास्त. शेवटचा नमुना लावला... आणि रेघ एकदम उसळली, कुणीतरी दार उघडल्यासारखी. वैतागून मागं बघितलं, तर दार बंद, दारावरचा काळा पडदाही जागेवर.

तेवढ्यात वीज गेली. चाचपडत खोलीबाहेर आलो, तर शटर खाली. बाहेरून कुलूप.

ओरडलो, शटर बडवलं — कुणी येईना. आता दोन दिवस इथंच, हे ध्यानात आलं. हवा कोंडलेली, प्यायला पाणी नाही. चोहीकडं बिअर आणि मी न पिणारा, याचंही हसू येईना. खोटं कशाला बोलू, आईचं नाव घेऊन रडलो.

बऱ्याच वेळानं शटर वर गेलं. माझी गाडी तशीच उभी होती हे मामांना वाटेत आठवलं, आणि ते सील काढायला साहेबांना घेऊन परत आले होते. हाक का मारली नाही, म्हणून मी त्यांच्यावरच चिडलो.

मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मारली की रे. तू माज्या मागून बोल्लास, 'म्या भायेर हाय मामा, लावा कुलूप.' आवाज तुजाच व्हता."

साहेबांनीही मान हलवली. त्यांनीही ऐकलं होतं.

मामा खोटं बोलणारे नाहीत, यंत्रही बिघडलं नव्हतं. मग ते कोण बोललं? मला अजून कळलेलं नाही. आता कुलूप लावताना मामा माझा हात धरून ठेवतात. हाक मात्र मारत नाहीत... मारली आणि ओ आली तर काय करायचं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.