पडद्यामागचा साहेब

ऑस्ट्रेलियातला तो कार्यक्रम आमच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरात शुक्रवारी जेवताना लागायचा. नावाजलेली माणसं येतात, त्यांना काहीतरी ओंगळ खायला लावतात, आणि मध्येच कोणाला तरी खोटा फोन करून घाबरवतात. माणूस पुरता गडबडला की पडदा सरकतो, सूत्रधार बाहेर येतो, मिठ्या, टाळ्या. मी पोट धरून हसायचो. आज त्याचं नुसतं सुरुवातीचं संगीत कानावर पडलं तरी तोंडाला आंबट पाणी सुटतं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला तसंच काहीतरी करायचं, ही कल्पना माझी. सगळ्यांना वाटतं ती कमिटीतल्या नव्या लोकांची होती. मी कधी दुरुस्ती केली नाही.

आमच्याकडे सेलिब्रिटी कुठला? मंडळाचा कायमचा निवेदक. माझा मित्र, नागपूरचा, ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये रोज माझ्या शेजारी बसणारा. शनिवारी दुपारी, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये त्याला स्टेजवर उभं केलं. आधी करंजी दिली. आत सारणाऐवजी इथे पावाला लावतात तो यीस्टचा काळा खारट लगदा. चेहरा वाकडा करायचा नाही, हा नियम. तो चावत राहिला. डोळ्यांत पाणी, ओठाच्या कोपऱ्यातून काळी लाळ. लोक शिट्ट्या मारत होते.

"बायकोच्या हातची आहे असं समज," खालून कोणीतरी म्हणालं.

"तिच्या हातची असती तर तक्रार करायची सोय तरी असती का?" तो तोंडातल्या घासासकट बोलला. त्याची बायको सगळ्यांत जास्त हसली.

मग त्याचा फोन वाजला. पलीकडे मी होतो, स्टेजच्या कडेच्या पडद्यामागे, पहिल्या रांगेपासून दोन हातांवर, नंबर लपवून.

त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, पहिल्या रांगेत होत्या. मंडळात दिवा सर्वांत वयस्क माणसाच्या हातून लावतात, त्या दिवशी तो मान काकूंचा होता. वडील गेल्यावर नागपूरचा फ्लॅट विकून त्याने त्यांना इकडे आणलं. आल्या पाहुण्या म्हणून. पुढे इथेच राहू द्या असा अर्ज वकिलामार्फत गेला होता, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अर्जापायी आपल्याच व्हिसाला धक्का लागेल की काय, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. ही धास्ती त्याने मला एकट्याला सांगितली होती. मी नेमकं तेच उचललं.

"क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसातून बोलतोय," मी घसा खाकरून साहेबी इंग्रजीत म्हणालो. "आईच्या अर्जामुळे तुमची केस अडली आहे. तो मागे घेणार का?"

तो चाचरेल, मग मी पडदा सारीन, असं माझ्या डोक्यात होतं. त्याने हात वर करून हॉलला गप्प केलं. शर्टाला माईक आहे हे तो विसरला.

"येस सर. विथड्रॉ करतो सर. शी इज ओन्ली व्हिजिटिंग. तिचं तिकडे घर आहे. आजच तिकीट काढतो. प्लीज, सर."

हॉल हसला. लोकांना वाटलं, सगळं ठरवून चाललंय. काकूंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्या मांडीवरच्या कोटाची घडी घालत राहिल्या.

मी बाहेर यायला हवं होतं. फोन बंद केला आणि पडद्याशी उभ्या असलेल्या कमिटीतल्या नव्या माणसाला म्हणालो, "तू जा." तो गेला. मित्रही हसला, दातांना काळं लागलेलं तसाच. तिथल्या तिथे मला स्वतःची किळस आली, असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला वाटलं, जमलं. किळस नंतर आली, ग्रुपवर व्हिडिओ फिरला तेव्हा. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग, त्यात एक माझा.

काकूंनी अर्ज मागे घ्यायला लावला. मुलगा पाया पडला, तो खेळ होता म्हणाला. "असू दे ना. मला इथली थंडी सोसत नाही," एवढंच त्या सांगत राहिल्या. नागपुरात बहिणीच्या घरी एक खोली मिळाली.

विमानतळावर सोडायला गाडी माझीच. तो ट्रॉली आणायला गेला तेव्हा त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "साहेब झालास तरी बोलण्याआधी घसा खाकरतोस रे."

मी पार्किंगची पावती शोधायला लागलो.

"तू नुसतं विचारलंस. बोलला तो," त्या म्हणाल्या. "पण त्याला सांगू नकोस. इथे तुझ्याशिवाय त्याचं आहे कोण, बाबा?"

मी सांगितलं नाही. पडद्यामागून जो बाहेर आला त्यानेच फोन केला, असं मित्र आजही धरून चालतो. त्याच्याशी बोलत नाही. तो नवा माणूस बिचारा मंडळात येईनासा झाला. आणि मित्र माझ्यासाठी ट्रेनमध्ये जागा धरून ठेवतो. परवा आईशी बोलून झाल्यावर फोन खिशात टाकत म्हणाला, "तुझ्यासारखा एक माणूस आहे म्हणून इथे निभावतंय."

काकूंचा शब्द मी आज मोडतोय. हे मंडळाच्या दिवाळी अंकाला देतो आहे. छापायच्या आधी मुद्रितं माझा मित्रच तपासतो.