उंबरापाशी आणलेली मोटार

विंझरच्या थांब्यावर मी रोज भोरच्या एसटीची वाट बघतो. समोर नदी आहे आणि काठावरच्या भातशेतात तो असतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पावसाळ्यात पूर यायच्या आधी तो पाण्याची मोटार दोरानं ओढत काठावरच्या उंबरापाशी आणतो आणि पूर ओसरला की पुन्हा खाली सोडतो. उंबराची खूण त्याच्या वडिलांची. तिथवर पाणी कधी चढलं नव्हतं.

गेल्या वर्षी चढलं. आमच्याकडे ऊन होतं, पाऊस वर घाटात कोसळला. मोटार गाळात गेली.

म्हणून यंदा त्यानं ती थेट थांब्याजवळ आणून ताडपत्रीखाली ठेवली. मग तीन आठवडे पाऊसच नाही. पाइप नदीपर्यंत पुरेना. भाताचं रोप पिवळं पडत होतं आणि हा खांद्यावर दोर टाकून एकदा नदीकडे, एकदा डोंगराकडे बघत उभा.

मी भूगोल शिकवतो हे त्याला कुठूनतरी कळलं होतं.

"सर, पाऊस कमी झालाय का वाढलाय, तेवढं सांगा."

मी समजावलं. हवा तापलीय, तिच्यात वाफ जास्त मावते. पावसाचे दिवस कमी होतील, पण पडेल तेव्हा एकदम पडेल. वर्गात हे सांगताना मी कधी अडखळत नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"व्हय. मंग आज मोटार खाली नेऊ का न्हाई?"

एसटी आली म्हणून मी सुटलो. खिडकीतून मागे पाहिलं, तर तो ना नदीकडे बघत होता, ना डोंगराकडे. गाडीकडे बघत होता.